स्टेजवरची चादर

माझ्या धाकट्याचं वागणं आता मला सहन होत नाही. घरात येतो तो पाहुण्यासारखा, जातो तो वरातीसारखा, आणि मधल्या वेळात माझ्याकडून नवे शर्ट जुने करून घेतो.

हे शेवटचं नीट सांगते, नाहीतर वाटेल बाईला भ्रम झाला. आमचं धुलाईघर आहे. मागे अंगण, अंगणात दगडी हौद, पत्र्याखाली दोन मोठ्या भट्ट्या, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि धुतलेल्या कपड्यांचं कपाट. नवरा गेला तेव्हापासून हे सगळं मी आणि माझी थोरली मुलगी चालवतो. लोक इथे जुनं आणतात आणि नव्यासारखं घेऊन जातात. कॉलर झिजली तर मी ती उसवते, उलटी करते आणि परत शिवते, मग झिजलेली बाजू आत जाते आणि माणूस आणखी दोन वर्षं ताठ मानेने फिरतो. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. हे मी सांगायला नको, गावात कोणालाही विचारा.

आणि हा माझा दिवटा दुकानातून कोरा शर्ट आणतो, पुठ्ठासुद्धा न काढता माझ्यापुढे टाकतो आणि म्हणतो, "आई, जरा घास ना कॉलर. फाटका नको. वापरलेला दिसायला पाहिजे."

"कोणी वापरलेला?"

"कष्टाच्या माणसाने."

"मग एखाद्या कष्टाच्या माणसाला दे घालायला. चार महिन्यांनी परत घे."

ह्यावर तो हसतो. हसणं त्याच्या बापाचं आहे, तेवढ्यासाठी मी बरंच सोसलं.

तो राजकारणात आहे. आधी नव्हता. आधी तो शिकत होता, मग आणखी शिकत होता, मग कुठल्याशा कचेरीत गळ्यात पट्टा घालून बसत होता. तिथल्या साहेबाशी पटलं नाही तेव्हा त्याला अचानक कळलं की आपण गरीब आहोत. धुलाईघरात जन्मला खरा, पण ह्या पोराने आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. साबण हातात धरला की त्याच्या हातून पळतो. आता स्टेजवर चढतो आणि दोन्ही पंजे वर करून ओरडतो, "ह्या हातांनी चादरी पिळल्यात!" खाली उभी असलेली थोरली माझ्या कानात म्हणते, "कधी गं? मी होते तेव्हा?"

बोलतोही वेगळंच. घरात माझ्या दोन इयत्तांच्या बोलण्याला नावं ठेवतो, आणि माइक हातात आला की मुद्दाम अडाण्यासारखं तोडकंमोडकं बोलतो. मी एकदा विचारलं, "हे कोणाचं बोलणं?" तर म्हणाला, "तुझंच." मी असं बोलत नाही. मी शाळा कमी केली, पण वाक्य अर्धं टाकून उठत नाही.

तर सभा. चौकात होती, मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली. त्याने निरोप दिला होता, आईला कामावरच्या कपड्यांतच आणा, एप्रन काढू देऊ नका. मी मुद्दाम कपाटातला चांगला पोशाख काढला, कडक इस्त्री केली आणि केस चापून बसवून गेले. मला बघून त्याचं तोंड असं उतरलं की वाटलं आता हाच मला परत पाठवतो हात काळे करायला.

भाषण चांगलं करतो, हे मान्य केलं पाहिजे. सगळं भाषण दोनच माणसांवर चालतं. एक 'आपण' आणि एक 'ते'. ते वर बसलेत, ते आपल्याला हसतात, ते आपलं खातात आणि आपल्यालाच नावं ठेवतात. मी कान देऊन ऐकत होते, कधीतरी हा नाव घेईल, कोण ते, राहतात कुठे, खाल्लं ते काय. नाव काही येईना. पण गंमत अशी की कोणाला त्याची गरजच पडली नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने त्यात तिचा घरमालक बसवला, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. मागचा माणूस "बरोबर, बरोबर" म्हणत होता, तो आपल्या साहेबाला बघत होता. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा क्षणभर माझी नणंद बसवली, आणि छान बसली.

मग त्याने एक पिशवी मागवली. पिशवीतून एक चादर काढली आणि दोन हातांनी उंच धरून उलगडली.

"हे बघा! सरकारी इस्पितळातली चादर! तुमचा बाप आजारी पडला की ह्यावर झोपतो. बघा!"

चादरीच्या मधोमध ताटाएवढा जांभळा डाग. कडेला गंजाची ओळ. सगळा चौक भडकला. बायका तोंडावर हात ठेवू लागल्या, कोणीतरी शिवी हासडली.

मी डाग बघितलाच नाही. मी घड्या बघितल्या. चादरीवर इस्त्रीच्या घड्या उमटलेल्या होत्या, धारदार, आधी लांबीत तीन पदर, मग उलट्या अंगाने दुमड. अशी घडी मी आणि थोरली दोघीच घालतो, कारण वॉर्डातल्या नर्सने एका हाताने झटकली तरी ती पलंगावर सरळ पडते. इस्पितळाच्या चादरी वर्षानुवर्षं आमच्याकडेच येतात. सोडा घालून भट्टीत उकळतात, हौदात खळबळतात, उन्हात वाळतात. तो जांभळा डाग जखमेवर लावायच्या औषधाचा. तो मेल्याशिवाय जात नाही, म्हणजे चादर मेल्याशिवाय. गंज पलंगाच्या लोखंडाचा. पण त्या चादरीवर जंतू म्हणून सापडला असता तर मी धंदा सोडला असता.

ती चादर माझ्या कपाटातली होती. सकाळी शर्ट न्यायला आला तेव्हा उचलली असणार. इतका मोठा चौक, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की इतकी घाणेरडी चादर इतकी कडक इस्त्रीची कशी.

घरी आल्यावर त्याला टेबलासमोर उभा केला.

"चोरलीस ती चोरलीस. वर माझं नाव मातीत घातलंस. ती चादर घाण आहे?"

"मी कुठे म्हटलं घाण आहे? मी म्हटलं, बघा."

"लोकांना काय वाटलं?"

"ते त्यांचं त्यांना वाटलं."

मला असा संताप आला की हातातली इस्त्री खाली ठेवली. हातात असलेली बरी नव्हे.

तो खुर्ची ओढून बसला आणि मला समजावू लागला, लहान पोराला समजवावं तसं. "आई, डाग लोकांना दिसतो. उकळणं दिसत नाही. मी तिथे उभा राहून सोडा किती आणि पाणी किती सांगत बसलो तर पहिली रांगसुद्धा उठून जाईल. इस्पितळात गडबड आहे की नाही? औषधं नसतात. रांगा असतात. डॉक्टर भेटत नाही. खरं की नाही?"

"खरं."

"मग?"

"मग औषधं नाहीत असं सांग! रांगा आहेत असं सांग! जे खरं आहे ते सोडून जे स्वच्छ आहे त्यालाच का धरलंस?"

"रांग स्टेजवर उलगडून दाखवता येत नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मला काही कळत नाही तुझं. मला एक वाक्य पाहिजे. पुढच्या सभेत, त्याच माइकवर, मोठ्याने. 'चादरी स्वच्छ असतात.' एवढंच. पुढे जा आणि हवं त्याला हवं ते बोल."

"बोलतो ना."

"कधी?"

"वेळ बघून."

वेळ बघून! घड्याळ भिंतीवर होतं. मी बोट दाखवलं. तो परत बापासारखा हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अंगणात गेले तर तिथेही तेच. आमच्याकडे हौदावर चार बायका आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला आम्ही भोंगा म्हणतो, कारण ती कुजबुजली तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. ही भोंगा स्वतःच्या हातांनी त्या चादरी उकळते. हातांची सालं गेलीत सोड्याने. आणि ती दुसऱ्या बाईबरोबर चादर पिळता पिळता म्हणते, "काय बोलले काल भाऊ! अंगावर काटा आला. कसल्या चादरींवर झोपवतात हो माणसांना!"

मी म्हटलं, "भोंगे, तुझ्या हातात काय आहे?"

"चादर."

"कुठली?"

"इस्पितळाची."

"घाण आहे?"

"ही? ही कशी घाण असेल? मी धुतलीय."

"मग भाऊंनी दाखवली ती कोणी धुतली?"

ती थांबली. पिळताना थांबली की पाणी परत कापडात शिरतं, हे तिलाही ठाऊक आहे, तरी थांबली. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाली, "ती वेगळी असेल. ती 'त्यांनी' धुतली असेल."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

"ते तुम्हाला नाही कळायचं, मावशी. भाऊ आपल्यातले आहेत, खोटं कशाला बोलतील?"

आपल्यातले! नऊ महिने मी पोटात वागवला, आणि तो माझ्यातला कसा आहे हे ही मला सांगणार. मी म्हटलं, "पीळ."

पुढच्या सभेत वाक्य आलं नाही. त्याच्या पुढच्या सभेतही नाही. उलट चादर मोठी होत गेली. आता तो ती दोन पोरांना धरायला लावायचा, मागून दिवा सोडायचा. तिसऱ्या सभेला मी कोणाला न विचारता उठले आणि स्टेजच्या लाकडी पायऱ्या चढले. कोणी अडवलं नाही, 'भाऊंची आई' म्हणून वाटच दिली. मी त्याच्या हातातून माइक घेतला. भीती कसली? मी गिऱ्हाइकांशी भांडून म्हातारी झालेय.

मी म्हटलं, "ह्या चादरी मी धुते. माझ्या भट्टीत उकळते. हा डाग औषधाचा आहे, तो जात नाही. पण चादर स्वच्छ आहे. ह्याने ती माझ्या कपाटातून आणलीय, इस्त्रीची घडी बघा अजून तशीच आहे."

पलीकडच्या हॉटेलातली कपबशी चौकात ऐकू आली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच माइक काढून घेतला. डोळ्यांत पाणी. आता हे पाणी खरं की खोटं, मला आई असून सांगता येणार नाही.

"ऐकलंत?" तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "ही माझी आई. जन्मभर यांची घाण धुतली हिने. बघा हे हात." माझा हात उचलून धरला. "आणि आजही, माझी आई, भर सभेत, यांचीच बाजू घेते! का? कारण घाबरलीय! काम काढून घेतील म्हणून घाबरलीय! इतकी भीती घातलीय त्यांनी आपल्या आयांच्या मनात!"

टाळ्या पडल्या त्या अशा की फळ्या हलल्या. मी ओरडत होते, "मी कोणाला घाबरत नाही!" पण माइक त्याच्याकडे होता, आणि खालून बघणाऱ्याला वाटत असणार, बिचारी रडतेय. खाली उतरले तर एका अनोळखी बाईने माझे गाल धरले आणि म्हणाली, "घाबरू नका मावशी, आम्ही आहोत." मला? जिला ह्या गल्लीतले भाजीवालेसुद्धा वजन करताना घाबरतात तिला?

एक गोष्ट मात्र तिथे मला कळली. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या. मी रागाने लाल झाले होते, कान जळत होते, आणि तरी एक श्वासभर त्या अंगाला गरम पाण्यासारख्या लागल्या. पुढचा श्वास घेतला तोवर मला स्वतःची लाज वाटली. पण तो रोज ह्याच पाण्यात बसतो. त्याला कोण बाहेर काढणार.

दुसऱ्या दिवशी गर्दी इस्पितळाच्या फाटकावर गेली. काठ्यांना चादरी बांधून. त्यातल्या निम्म्या घरच्या होत्या, एकीवर तर फुलं छापलेली होती, पण कोण बघतो. आणि इस्पितळाच्या वरच्या साहेबांनी काय करावं? बाहेर येऊन सांगावं ना, या, आत चला, भट्टी बघा, हुंगून बघा. छे. तेही पडद्याआडून डाग बघूनच घाबरले. त्यांनाही उकळणं दिसलं नाही.

आठवड्याभराने मेट्रनबाई आमच्याकडे आल्या. वॉर्डातल्या सगळ्या नर्सवर त्या मुख्य. माझ्याच वयाच्या, सरळ बाई, आमची मैत्री चादरींवरूनच झालेली. कधी आत येऊन बसत नाहीत, उंबऱ्यावरूनच बोलतात. त्या दिवशी आत आल्या आणि स्टुलावर बसल्या, तेव्हाच मी ओळखलं.

त्यांनी पिशवीतून एक नवी चादर काढली. गडद तपकिरी. जाड, गुळगुळीत, प्लास्टिकसारखी चमक.

"आता ह्या येणार," म्हणाल्या. "जुन्या सगळ्या बाद."

मी चादर बोटांत चोळली. "हे सुती नाही."

"मिश्र कापड आहे. ह्याच्यावर रक्त सांडलं तरी कळत नाही. साहेब म्हणाले, आता कोणी डाग दाखवूनच दाखवावा."

"उकळायची कशी ही?"

"उकळायची नाही. कोमट पाणी आणि पावडर. तसं लिहूनच आलंय."

कोमट पाण्यात मी गिऱ्हाइकाचा स्वेटर धुते. ज्या पलंगावर माणसाची जखम उघडी पडलेली असते तिथली चादर कोमट पाण्यात?

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले हो. मला विचारलं, तुम्हाला परत फाटकावर गर्दी पाहिजे का?"

त्या गेल्यावर मी हट्टाने ती चादर भट्टीत टाकली. म्हटलं, बघू तर. पाणी चहासारखं झालं, आणि चादर बाहेर काढली तर आखडून एवढीशी. थोरलीने टेबलावर पसरली आणि म्हणाली, "आई, हिच्यावर माणूस झोपवायचा असेल तर गुडघ्यापर्यंतचाच बघावा लागेल." हसू आलं तरी हसवेना. त्या एका चादरीचे पैसे मेट्रनबाईंना पदरचे भरावे लागले.

आणि चौकात काय झालं असेल? विजयाची सभा! "आपण जिंकलो! तुमच्या आवाजाला घाबरून त्यांनी नव्या चादरी आणल्या!" मी गेले नाही, पण माइकचा आवाज अंगणापर्यंत येतोच. भोंगा हौदावर टाळ्या वाजवत होती, हाताला फेस, फेस उडून माझ्या चष्म्यावर. तिच्यापुढे कोमट पाण्याची बादली, बादलीत तपकिरी चादर. मी चष्मा पुसला आणि आत गेले. बोलून बोलून माझी जीभ जड झाली होती, आणि माझी जीभ जड होते म्हणजे काय ते घरचेच जाणोत.

पुढे भोंगाच्याच नवऱ्याचा पाय मोडला. शिडीवरून पडला, हाड आत घालून टाके घातले, इस्पितळात ठेवला. मी बघायला गेले. वॉर्ड छान दिसत होता, खोटं नाही सांगणार. एकसारख्या तपकिरी चादरी, कुठे म्हणून डाग नाही. मी त्याच्या पायाशी बसले, सवयीने चादरीवरून हात फिरवला, आणि हात तसाच वर उचलला. काही दिसत नव्हतं. पण बोटं चिकट झाली होती. हुंगली, तर मुरलेल्या पू-रक्ताचा वास. जन्म गेला ह्या वासात, तो मला सांगावा लागत नाही.

टाके चिघळले. त्याचेच नाही, त्या ओळीतल्या आणखी दोघांचे. मेट्रनबाईंना व्हरांड्यात गाठलं. त्या म्हणाल्या, "चादरीमुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कशानेही होतं. पण पूर्वी इतकं होत नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे."

भोंगा नवऱ्याच्या उशाशी बसलेली. डोळे सुजलेले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर म्हणते, "भाऊ होते म्हणून चादर तरी नवी मिळाली हो मावशी. नाहीतर त्या जुन्या घाणीत पडला असता." आणि तिने ती चादर मायेने त्याच्या अंगावर सारखी केली, जखमेपर्यंत ओढून.

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिला तिथे काय सांगू? नवरा तापाने फणफणलेला, आणि मी तिच्या हातून तिचा भाऊही काढून घेऊ? मी मेट्रनबाईंकडे गेले, बाद चादरींच्या गठ्ठ्यातून एक मागितली, घरी नेऊन उकळली, उन्हात वाळवली, आणि संध्याकाळी परत येऊन त्याच्या खाली घातली. जांभळा डाग होता तिच्यावर, चांगला ठळक. भोंगा नाक मुरडत होती. मी म्हटलं, "नाक मुरड, पण काढलीस तर माझ्याशी गाठ आहे." ओळीतल्या बाकी दोघांनाही उकळून दिल्या. त्यांच्या घरच्यांनी एक तर काढूनच टाकली. म्हणाले, आम्हालाच का जुनी?

आज सकाळी मी इस्त्री करत होते आणि धाकटा आला. हातात नवा शर्ट, पुठ्ठ्यासकट. तोंडावर असा उजेड की मला वाटलं, लग्न ठरवून आलाय.

"आई, इस्पितळात जखमा चिघळतायत म्हणे? खरं का?"

"खरं."

"किती जणांच्या?"

मी इस्त्री उभी केली. वाटलं, आता हा घाबरेल. आता विचारेल, भोंगाचा नवरा कसा आहे, चादरींचं काय करू या, कोणाला भेटू. म्हणून मी सगळं सांगितलं. कोमट पाणी, मिश्र कापड, चिकट बोटं. त्याने सगळं मन लावून ऐकलं. मधे एकदा मानही हलवली. अशी मान त्याने लहानपणीसुद्धा माझ्यापुढे हलवली नव्हती.

मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला गप्प करायला त्यांनी मुद्दाम असल्या चादरी आणल्या! आई, हे फार मोठं आहे. संध्याकाळी सभा लावतो. भोंगामावशीच्या नवऱ्याला खुर्चीवर बसवून आणता येईल का गं? पाय दिसला पाहिजे लोकांना. आणि तू ये. ह्या वेळी एप्रन घालून ये हं. आणि एवढी कॉलर घासून दे ना पटकन, चारपर्यंत वाळायला पाहिजे."

थोरली टेबलाच्या पलीकडे चादर दुमडत होती. तिचे हात थांबले. अंगणातून पाण्याचा आवाज येत होता, भोंगा रजेवर होती म्हणून आज तो ऐकू येत होता.

मी तो शर्ट उचलला. चांगलं कापड होतं, सुती, उकळायला एकदम योग्य. पुठ्ठा सरळ केला, टाचण्या होत्या तिथे परत टोचल्या, आणि त्याच्या छातीवर ठेवला.

म्हटलं, "आता ऐक, आणि मधे बोलू नकोस, इथे माइक नाही. तुझ्या एका चादरीपायी माणसं आज वाईट चादरीवर पडलीत, आणि ती तुलाच दुवा देतायत. हे तुला कळत नाही असं नाही, तू माझा मुलगा आहेस, मठ्ठ नाहीस. तुला कळतं आणि तुला चालतं. मी तुझ्याकडे एक वाक्य मागितलं होतं, ते तू कधी बोलणार नाहीस, कारण चादर स्वच्छ झाली तर तू उंच काय धरणार? तुला ह्या लोकांचं दुखणं पाहिजे, ते बरं झालेलं नको. भोंगाच्या नवऱ्याच्या पायाला हात लावलास तर खुर्चीच्या आधी मी उभी राहीन दारात. आणि शर्ट नवाच घालून जा, तू आहेस तसा दिसू दे त्यांना एकदा. आजपासून माझ्या दोरीवर तुझं कापड वाळणार नाही. नीघ."